नीळ आणि देव्हाऱ्यातला लाल बल्ब

मावशीचा डावा पाय राहणार की जाणार, एवढा एकच प्रश्न तेव्हा आमच्या घरात होता. मावशी आदिलाबादकडच्या बेल्याजवळच्या गावात राहते. कापूस वेचून संपला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, कापतात आणि जमिनीत तिरपी, टोकदार खुंटं उरतात. त्यातलं एक तिच्या पायात करंगळीच्या बुडाशी शिरलं. तिला शुगर आहे, त्यामुळे पायाला दुखल्याचं नीट कळतही नाही. कळलं तेव्हा पू झाला होता.

मग आमच्याकडे जे सगळे करतात तेच तिनं केलं. कॅप्सूल फोडली आणि आतली पूड जखमेवर टाकली. गावातल्या सुई मारणाऱ्यानं एक सुई मारली. मेडिकलवाल्यानं कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापून चार गोळ्या दिल्या. मी हेच करू नका म्हणून बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटत फिरते, घसा बसेपर्यंत बोलते. मावशीकडे गेले तर उरलेल्या कॅप्सूल तिनं माझ्याच पत्रकात बांधून ठेवलेल्या. कागद चांगला जाड हाय तुहा, म्हणाली.

तिच्यावर रागावून काय करणार? तिला दवाखान्यात जायला दिवस मोडावा लागतो आणि मेडिकलचं दुकान एसटीच्या थांब्यावर आहे. राग यायचाच तर चिठ्ठीशिवाय जंतूंवरची औषधं शेंगदाण्यासारखी विकणाऱ्यांचा यावा. त्यांना कोणी काही विचारत नाही.

आदिलाबादच्या दवाखान्यात पुवाची तपासणी झाली. जंतू असा निघाला की नेहमीची औषधं त्याला पाण्यासारखी. उरलं होतं एक, सलाइनमधून द्यायचं, आणि तेही किडनीला जपून. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी घोट्यापासून पाय काढायचं बोलून दाखवलं. मावशीनं ते ऐकलं आणि मला विचारलं, "मंग मी वावरात कशी जाऊ?" एवढंच. रडली नाही.

तिथल्या एका तरुण डॉक्टर मॅडमनी थोडे दिवस मागून घेतले. त्या तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. म्हणाल्या, प्रकाशाचा एक उपचार आहे, अजून सगळीकडे रुळलेला नाही, करून बघू. माझं डोकं फिरलं. रंगीत दिवे आणि लोहचुंबक दाखवून लोकांना लुटणाऱ्यांविरुद्ध मी पत्रकं काढलेली. मी तोंडावर विचारलं, "मॅडम, ये इलाज है या तमाशा?"

त्या चिडल्या नाहीत. त्यांनी समजावलं ते असं: जखमेवर एक निळं औषध लावायचं. ते जंतूला चिकटतं. थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि मग ठरावीक लाल प्रकाश सोडायचा. त्या प्रकाशानं निळं औषध जागं होतं आणि जंतूला जागच्या जागी जाळतं. गोळीला कसं चुकवायचं ते जंतू शिकलाय, या जाळाला चुकवणं त्याला तितकं सोपं नाही. पण प्रकाश पोचतो तिथवरच काम होतं, हाडात गेलेल्या जंतूवर नाही. तिचं हाड अजून चांगलं आहे, म्हणून आशा. आणि सलाइन, शुगरच्या गोळ्या, जखम धुणं, सगळं चालूच ठेवायचं. जो माणूस आपल्या उपचाराला काय जमत नाही ते आधी सांगतो, त्याच्याशी मला भांडता येत नाही. मावशीनं संमतीच्या कागदावर अंगठा दिला.

खोलीत अंधार केला. यंत्राचा लाल दिवा लागला तशी मावशीनं पडल्यापडल्याच हात जोडले. आमच्याकडे दिवेलागणीला विजेचा बल्ब लावला तरी लोक हात जोडतात. सिस्टर हसली, "देवुडु कादु अम्मा," देव नाही हा. मावशी म्हणाली, "दिवा लागला की हात जोडावं माय, कोणाचा का असेना."

अशा काही फेऱ्या झाल्या. पू कमी झाला, वास गेला, जखमेच्या कडा निरोगी लाल दिसायला लागल्या. सलाइन संपल्यावर तिला घरी सोडलं, फक्त प्रकाशासाठी यायचं ठरलं. तेवढ्यात हरभरा सोंगायला, कापणीला आला आणि मावशी येईनाशी झाली. फोन केला की सांगायची, इथंच करून राह्यली मी. मला वाटलं, पट्टी बदलते म्हणत असेल.

जाऊन बघते तर दार लोटलेलं, घरात अंधार. मावशी देव्हाऱ्यासमोर पाय पसरून बसलेली. वर झिरोचा लाल बल्ब, आणि तळपाय निळाशार. धोतर-टोपीला घालतात ती नीळ. शेजारची म्हातारी आपल्या गळवाला नीळ लावून मागं नंबर लावून बसलेली.

मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "काऊन बोंबलतं? निळं लावलं, अंधार केला, लाल लावला. काय चुकलं?"

"आणि गोळ्या?"

"तूच त म्हणे, गोळीचा नाद सोडा. सोडल्या."

शुगरच्यासुद्धा. भावाच्या मोटरसायकलवर मधे बसवून तिला आदिलाबादला नेलं.

मला वाटलं मॅडम आता झापणार. त्यांनी नीळ धुतली, बराच वेळ धुतली, आणि बल्ब कितीचा, किती लांब टांगलेला, सगळं विचारून घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, क्रम इन्होंने बिलकुल सही रखा. ते खरंच होतं. मी मावशीला मराठीत सांगितलं, तर ती माझ्याकडं बघून मान उडवते. पण पुढचं मॅडमनी तितक्याच सरळ सांगितलं. जखम मागं गेली होती, करंगळी काळी पडली होती. ती काढावी लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न पुन्हा पहिल्यापासून. आणि गावाकडून आदिलाबादला थेट गाड्या बाजाराच्या दिवशीच मिळतात म्हटल्यावर त्यांनी प्रकाशाचा दिवस बदलून तोच केला. एवढी साधी गोष्ट आधी कोणाला सुचली नव्हती. मलाही नाही, आणि मी तर बाजारातच उभी असते.

करंगळी गेली. पाय राहिला. भरायला पावसाळा उजाडला, पण जखम भरली. मावशी आता वावरात बूट घालून जाते आणि बायका तिला फौजदारीन म्हणतात.

मधे एकदा गेले तेव्हा शेजारची म्हातारी गळू घेऊन पुन्हा बल्बाखाली बसायला आली होती. मावशीनं देव्हाऱ्याला हात जोडले, बल्बाचं बटन बंद केलं आणि बूट चढवले.

"हा देवाचा हाय, दवाखान्याचा नाही. ऊठ, मी येतो तुह्या संग."

एसटीचा थांबा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. मावशी पुढं चालत होती. जरा लंगडत, पण म्हातारीला मागं टाकत.