दामिरचं आडनाव

मंडळी, दुपारी मॅचहून आलोय, पण डोक्यातून जात नाहीये.

हॅम्बर्गजवळचा आमचा छोटा फुटबॉल क्लब. इथे मॅचआधी अनाउन्सर खेळाडूचं नाव घेतो आणि पब्लिक आडनाव ओरडतं. क्रोएशियाच्या दामिरच्या गोलांवर हा क्लब वरच्या लीगमध्ये गेला. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला गोलच जमेना.

आज अनाउन्सर म्हणाला, “दामिर...” आणि अख्खं स्टेडियम गप्प!

फक्त माझा सात वर्षांचा ईशान बेंबीच्या देठापासून आडनाव ओरडला. पुढची रांग वळली. मी झटकन त्याचं तोंड दाबलं.

आवाज शोधत दामिरने वर पाहिलं, तेव्हा माझा हात तिथेच होता.

“वारुम, बाबा?” ईशान घरी येईपर्यंत जर्मनमध्येच ‘का’ विचारत होता.

चार माणसं वळून बघायला लागली म्हणून, हे सांगू त्याला?