बाईंनी दिलेलं नाव

आमच्या अंगणवाडीच्या बाई रस्त्याकडे पाठ करून कधी बसत नसत. खिचडी ढवळतानाही एक डोळा बाहेर. पांढरकवड्याकडून येणारी पांढरी जीप दिसली, की त्या आधी मला आत ओढत आणि मग दार लावत. जीप निंबाखाली थांबे. कोणी उतरत नसे.

जीप ठेकेदाराची. माझा बाप तोच, हे गावाला ठाऊक होतं. पण आईशी त्याने लग्न केलं नव्हतं. ग्रामपंचायतीत माझ्या जन्माची नोंद द्यायला बाई गेल्या. बापाचा रकाना कोरा राहिला तर पोरीला जन्मभर हिणवतील, म्हणून त्यांनी बाप म्हणून आपल्या भावाचं नाव सांगितलं. तो त्याच महिन्यात साप चावून वारला होता. तेव्हापासून मी बाईंची भाची. भाऊबीजेला मला नवा फ्रॉक यायचा, आणि मीही तोऱ्यात मिरवायचे.

मी नऊ वर्षांची असताना, ठेकेदाराने मला आपली पोर म्हणून कबूल करावं यासाठी आई कोर्टात गेली. ठेकेदाराच्या वकिलाने नेमका तोच जन्मदाखला पुढे केला. बाप तर लिहिलेलाच आहे, मग रक्त कशाला तपासायचं?

पाटीवर चुकलं की बाई पोरांना पुसू देत नसत. बाजूला बरोबर लिहायला लावत. आई रडत आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "खोटं मीच लिवलं ना वं. मंग खरंबी मीच सांगतो."

साक्षीच्या आदल्या दिवशी जीपमधून पहिल्यांदाच ठेकेदार उतरला. पाणी मागितलं, सावकाश प्याला.

"रस्ता लय खराब हाये, बाई. उद्या कायले जाता?"

बाईंनी पेला घेतला, दोनदा धुतला आणि पालथा घातला. मला इतकी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

बाई गेल्या. खोटी नोंद दिल्याचं भर कोर्टात कबूल केलं. रक्त तपासलं गेलं, मला बाप मिळाला. बाईंची नोकरी गेली. दिग्रसच्या एसटीत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आता तू माही भाची नाही राह्यली," म्हणाल्या, आणि खिडकीतून रस्त्याकडेच बघत राहिल्या.

आज माझ्या प्रत्येक कागदावर ठेकेदाराचं नाव आहे. बाईंचं माझ्याकडे काहीच नाही. फक्त कुठेही गेले, तरी मी रस्त्याकडे पाठ करून बसत नाही.