बिरूचे पाण्याचे भोपळे

उजव्या बाजूचा भोपळा बुडायला लागला आणि बिरू पाण्यात एका अंगावर कलंडला. ओरडायला त्यानं तोंड उघडलं, तर तोंडात पाणी गेलं. त्याच्या कमरेची दोरी माझ्या हातात होती. ओढून त्याला विहिरीच्या पायरीवर घेतलं. तो खोकत होता आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो. चूक माझी होती.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी सोलापुरात एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. सकाळी शाळेमागच्या विहिरीत पोहणं शिकवायचो. बिरू सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला, तिशीचा गडी. चौथी शिकलेला. मेंढरं विकून तो गेज रीडरच्या नोकरीला लागला होता. नदीत आकड्यांची पट्टी रोवलेली असते, तिच्यावर पाणी कुठवर आलं ते रोज बघून लिहायचं, हे गेज रीडरचं काम. पुरात त्या पट्टीपर्यंत जायचं तर पोहता आलं पाहिजे, असा नियम होता. म्हणून त्याच्या खात्याचे ओव्हरसियर त्याला माझ्याकडे घेऊन आले.

"मास्तर, मिरगाच्या आत हा पोहायला पाहिजे. साहेब स्वतः बघायला येणार आहेत. नाही जमलं तर दुसरा माणूस नेमतील."

"किती दिवस आहेत?"

"वीस."

मी बिरूला विचारलं, "पाण्याची सवय आहे का?"

"आमच्याकडं प्यायला पानी मिळंना मास्तर, पवायला कुटलं? पर शिकतो की. मेंढरं इकल्यात. आता माघारी जाऊन राखू काय?"

नवशिक्याला आम्ही सांगड देत असू. दोन वाळलेले कडू भोपळे आणि त्यांना जोडणारी हातभर दोरी. दोरीवर छाती टेकायची, म्हणजे भोपळे दोन्ही काखांशी येतात. आतून पोकळ असल्यामुळे ते माणसाला तोलून धरतात. एकच भोपळा घेतला तर तो गरकन फिरतो आणि माणसाला पालथा घालतो. दोन बांधले की एकमेकाला आवरतात. सांगड हे नाव भोपळ्याचं नव्हे, त्या जोडणीचं. बोलताना आपण दोन गोष्टींची सांगड घालतो, ती हीच. माझा एक शिरस्ता होता. ज्याची सांगड त्यानंच आणायची आणि त्यानंच बांधायची. गाठ आपल्या हातची असली की माणूस तिच्यावर बिनघोर अंग टाकतो.

बिरूनं घरून भोपळे आणले आणि झकास बांधले. मी गाठी ओढून पाहिल्या, पक्क्या होत्या. भोपळे मात्र उलटून पाहिले नाहीत. आता पायरीवर उलटले, तर देठाकडे दोन्हींना तोंड कापलेलं आणि त्यात चिंधीचा बोळा.

"अरे, हे तोंड कशाला कापलंस?"

"कवाचं कापल्यालं हाय. पान्याचं भोपळं हायती आमचं. मेंढरामागं जाताना ह्यातच पानी न्यायचं."

त्याच्या मुलखात भोपळा पाणी आत राहावं म्हणून वापरतात. मला पाणी आत येऊ न देणारा हवा होता. एवढी साधी गोष्ट त्याला सांगावी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"उद्या नवे बघू," मी म्हणालो.

"उद्या कशाला? त्यात एक दिस जाईल की."

त्यानं बाभळीच्या दोन खुंट्या तासल्या, मोच्याकडून मेण आणून त्यांना चोपडलं आणि भोपळ्यांच्या तोंडात ठोकल्या. दुपारी तो पुन्हा पाण्यात होता. डोळ्यांत भीती उघड दिसत होती, पण पाय मारायचं थांबत नव्हता. मला त्याचं कौतुक वाटलं.

दहा दिवसांत हातपाय जमले. पण सांगड सोडली की गडी दगड व्हायचा. चार वेळा सोडली, चारही वेळा दोरीनं वर ओढावा लागला. मग मी एक युक्ती केली. तो यायच्या आधी खुंट्या उपसायच्या, दोन्ही भोपळ्यांत वाटीवाटी पाणी घालायचं आणि सांगड पाण्यात सोडून ठेवायची. मग रोज आणखी एक वाटी. अठराव्या दिवशी दोन्ही भोपळे काठोकाठ भरलेले होते आणि बिरू त्यांना छातीशी घेऊन विहिरीला फेऱ्या मारत होता. मी स्वतःवरच खूश होतो.

विसाव्या दिवशी साहेब आले. छडीनं सांगडीकडे दाखवून म्हणाले, "ते काढा."

भोपळ्यांचं गुपित फोडायला मी पुढं झालो, तोवर बिरूनं दोरी सोडून भोपळे बाजूला सारले होते. विहिरीच्या या काठावरून त्या काठाला तो तीन वेळा गेला आणि आला. साहेबांनी मान हलवली. ओव्हरसियर म्हणाले, "पास."

सगळे गेल्यावर मी मोठ्या ऐटीत खुंटी उपसली आणि भोपळा त्याच्यासमोर उपडा केला. पाणी भळाभळा वाहिलं.

"बघ. दोन दिवस तू भरल्या भोपळ्यांवर पोहतोयस."

बिरू अंग पुसत होता. "म्हाईत हाय की. जल्म गेला ह्यो भोपळा खांद्यावर वागवण्यात. भरल्याला कुटला न् रिकामा कुटला, हाताला कळत न्हाय व्हय? पैल्या वाटीलाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी एवढं चोरून भरताय, म्हनलं तुमाला बरं वाटतंय तर भरू द्या."

"आणि भीती?"

"वाटली की. रोज एक वाटी जास्त वाटली."

त्यानंतर मी पुष्कळांना पोहायला शिकवलं. सांगडीत पाणी भरायची युक्ती कायम ठेवली. फक्त वाटी शिकणाऱ्याच्याच हातात देतो.