सावली पाहून मारलेली उडी

तीन आठवड्यांपूर्वी मामीचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. "तुझे मामा गेले रे..." एवढंच ती बोलू शकली. त्या क्षणी मला त्यांचं आजारपण आठवलं नाही. आठवला तो भिलाईतला एक रविवार आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले मामा.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आमच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मामांनी मला गावाहून आणून पावर हाउसजवळच्या आपल्या दोन खोल्यांत ठेवलं, बीएस्सीला घातलं. ते एका खासगी वर्कशॉपमध्ये क्रेन चालवत. छताजवळच्या केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायच्या, आणि खाली माणसं काम करत असायची.

मी शेवटच्या वर्षाला असताना बाजारातून एका दिवसापुरता व्हिडिओ गेम भाड्याने आणला. तोवरच्या गेममधला गडी डावीकडून उजवीकडे पळायचा. हा पडद्याच्या आत, खोलवर जायचा. लाव्ह्यावर तरंगणारे दगड आणि त्यांवरून उड्या. दगड किती लांब आहे तेच कळेना. मी सारखा पडत होतो.

"सावली पाह्य ना बे," मामा मागून म्हणाले. "दगड काय पाहून राहिला? गड्याची सावली जिथं पडते, तिथंच तो उतरते."

त्यांनी रिमोट घेतला आणि एकदाही न पडता पलीकडे गेले. पुढे अंधारी गुहा आली. तिथं सावली पडतच नव्हती. मामा पहिल्याच उडीत खाली गेले. दुसऱ्यात, तिसऱ्यातही. मी खूप हसलो. तेवढ्यात मामीने चहा पुढे केला, मामांनी हात लांबवला, आणि त्यांची बोटं कपाच्या अलीकडेच मिटली.

मामी आत गेल्यावर मी विचारलं, "मामा, डोळ्याले काय झालं?"

"हळू बोल." ते पडद्याकडेच पाहत होते. "डावा गेला. एका डोळ्यानं लांब-जवळ समजत नाही. डॉक्टर म्हणते, परत नाही यायचा."

"वर्कशॉपमधी मालूम आहे?"

"नाही. हूकच्या सावलीवर काम चालून राहिलं ना."

"अन् सावली नाही पडली तर?"

त्यांनी रिमोट खाली ठेवला. "तुझं वर्ष होऊ दे," ते म्हणाले. "मग सांगतो."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते पटलं. परीक्षेला थोडेच महिने उरले होते.

सकाळी ते डबा घेऊन निघाले तेव्हा मी सायकलचं हँडल धरलं. "मामा, खाली माणसं असतात."

"सोड. तुले शिकायचं नाही का?"

"शिकायचं आहे. मी ट्यूशन घेतो. तुम्ही खाली उतरा."

"लय मोठा झाला तू!" माझा हात झटकून ते गेले.

त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. वर्कशॉपमधून कोणी धावत येताना दिसेल, असं सारखं वाटे. "काहून बसला रे दारात?" मामीने दोनदा विचारलं. तिला काय सांगणार? चार वाजले, पाच वाजले. मामांची यायची वेळ टळून गेली...

ते आले ते सायकल हातात धरून, पायी. सायकल भिंतीला टेकवली, घाम पुसला. "उतरलो," म्हणाले. "आता खाली उभं राहून क्रेनवाल्याले हात दाखवाचं काम. अन् तुमचं काय, मास्तर? पोरं भेटली का शिकवाले?"

नेहरू नगरातल्या मुलांना गणित शिकवत मी ते वर्ष काढलं. पदवीचा कागद आधी मामांच्या हातात दिला.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी त्यांच्या जुन्या सोबत्यांना कळवायला मी वर्कशॉपला गेलो. डावीकडचं दिसत नसल्यामुळे मामा क्रेनला इशारा देण्याआधी जागच्या जागी पूर्ण फिरून पाहत, असं एका सोबत्याने सांगितलं. पोरं चिडवायची, "काका, परिक्रमा हो गई?" "हो गई बेटा, अब तू हट!" म्हणत मामा त्यांना बाजूला काढत.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात क्रेनखाली एक तरुण येऊन उभा राहिला. मामा निवृत्त झाले तेव्हा तो शाळेतही जात नसेल. दोन्ही डोळे धड. वर तुळई लटकत होती. तो जागच्या जागी पूर्ण गोल फिरला, जवळ कोणी नाही हे पाहिलं, आणि मगच त्याने हात वर केला.