पोफळीने तोललेले काका

कोणत्याही उपचारपद्धतीला नामोहरम करू शकेल अशी एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे, आणि ते माझे थोरले काका आहेत. किहीमच्या आमच्या वाडीत तरुणपणी ते पोफळीवर चढत, सुपारीचे घड उतरवत आणि झाड झुलवून, जमिनीला पाय न लावता, शेजारच्या पोफळीवर जात. पुढे काकांचा घेर वाढला, पोफळींचा वाढला नाही. एके दिवशी बुंधा करकरला आणि काका जमिनीवर आले ते कायमचे. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा: "एकदा वर जाऊन वाडी बघायची हाय. मग खुशाल जाड म्हणा."

त्यासाठी आधी वजन उतरवायचे म्हणून त्यांनी अलिबागेत अ‍ॅक्युपंक्चर सुरू केले. तिथल्या बाई कानात बारीक सुया टोचत आणि घरी जाताना मोहरीएवढे एक बी पट्टीने कानावर चिकटवून देत. भूक लागली की ते दाबायचे. काका ते निष्ठेने दाबत आणि जेवायला बसत. "बी दाबलं, भूक गेली. आता मी भुकेनं न्हाय, चवीनं जेवतोय," हे त्यांचे स्पष्टीकरण. काकू ताट वाढता वाढता म्हणत, "एका हातानं कान, दुसऱ्यानं भाकरी. शाळेत कान धरायचात तेव्हा निदान उपाशी तरी असायचात."

मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने मला गप्प बसवेना. "काका, सुया आणि चोंढी नाक्यापर्यंत चालणे तुम्ही एकदमच सुरू केलेत. ताडीही सोडलीत. मग वजन घटले तर श्रेय कोणाला द्यायचे?"

"सुयांना. टोचणं तुझंही चालूच असतं की गो, त्यानं कुठं काय उतरलं?"

वजनाच्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. दर रविवारी ते त्याच जुन्या पोफळीला मिठी मारत, एक पाय वर टेकवत आणि कान देऊन ऐकत. बुंधा करकरला, की त्या आठवड्यात भात कमी. "यंत्र आकडा सांगतं. पोफळ तोंडावर बोलते." ही पद्धत अगदीच अशास्त्रीय आहे, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येईना.

यंदा दिवाळीनंतरच्या एका रविवारी पोफळ करकरली नाही. काकांनी पायांत दोरीचे कडे अडकवले आणि काही कळायच्या आत ते माझ्या डोक्याच्या वर होते. तिथेच थांबले. झाड स्तब्ध होते, काकांची छाती मात्र भात्यासारखी हलत होती. बराच वेळ त्यांनी वर शेंड्याकडे पाहिले आणि मग बुंधा कवटाळून हळूहळू खाली घसरले.

"झाड तयार होतं गो," ते म्हणाले. "मीच नव्हतो."

काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. काका पाणी प्यायले, मग त्यांनी कानावरची पट्टी सोडवली आणि ते बी नखाने बुंध्याशी मातीत खोचले. "उगवलं तर तुझ्या शास्त्राला कळव."

कानावर महिनाभर दाबलेले बी उगवण्याची शक्यता किती, हे मी त्यांना सांगू शकले असते. हल्ली कॉलेजच्या सुट्टीत मांडव्याला बोटीतून उतरून मी घरी येते, तेव्हा काका ओटीवरूनच विचारतात, "काय दिसतंय का गो तिथं?"

मी पिशवी खाली ठेवते, बुंध्याशी वाकून नीट पाहते आणि म्हणते, "अजून नाही, काका."