पायाच्या चरांतले मासे

सन २००६. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला शनिवार, सकाळचे अकरा. जागा: नागभीडकडचं आमचं गाव, आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यामागची मोकळी जमीन.

हजर: तालुक्याचे साहेब, सरपंच, ग्रामसेवक. आणि आम्ही, घरकुल मंजूर झालेल्या सात घरांची, घरटी एक, माणसं. मी बचत गटाची सचिव, म्हणून हजेरी मीच लिहिली. सातांपैकी काठीशिवाय उभे राहणारे दोघं.

साहेबांनी बाही वर करून माझ्या घराच्या पायाच्या चरात हात घातला. चरात गुडघाभर पाणी होतं. हातात एक मासा आला, बोटाएवढा. तो त्यांनी माझ्या पायाशी फेकला.

"घे बाई, तुझं घरकुल. तळून खा."

सरपंच मालगुजाराच्या, गावच्या जुन्या जमीनदाराच्या घरचे. ते म्हणाले, "साहेब, ढिवरच हे. घर द्या, त्यातही पाणी भरून बोडी करतील, मासे पाळतील."

ग्रामसेवक हसला. मग आमचा मोहल्ला हसला. मीही हसले. मासा मातीत उड्या मारत होता आणि मी तोंडाला पदर लावून हसत होते. माणसं अपमान विसरतात म्हणे. मी माझं हसणं विसरले नाही.

खरी गोष्ट अशी होती. घरकुलं पावसाच्या तोंडावर मंजूर झाली. नियम असा, की जोत्यापर्यंतचं काम आधी स्वतः करायचं, तेव्हा पुढचा हप्ता मिळणार. आम्ही चर खोदले. आणि गावात चिकनगुनिया आला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे महिनोन्महिने धरून राहिले. माझ्या नवऱ्याला जाळं ओढता येईना. मला ओलं लुगडं पिळता येईना. ज्यांच्या धानाच्या बांध्यांत आम्ही दरवर्षी रोवणीला जायचो, त्यांनी बाहेरगावच्या बाया आणल्या. वाकता न येणाऱ्या बाईला कोण बोलावणार?

चर पावसानं भरले. आरोग्य सेवक आला, पाण्यात टॉर्च मारून म्हणाला, "मच्छराच्या अळ्या हाये इथी. मासे सोडा, अळ्या खातीन." मासे सोडणं आम्हाला कोणी शिकवायला नको. तलावातून पिल्लं आणून सातही चरांत सोडली. वाढले तर विकू, हेही मनात होतंच. खोटं कशाला सांगू? तीन महिने घरात मजुरी आली नव्हती.

हे सगळं माझ्या वहीत होतं. कोण कधी आजारी पडलं, काम कोणत्या दिवशी थांबलं, आरोग्य सेवक कधी आला. वही काखेत होती. मी ती उघडली नाही. हसत राहिले.

तेवढ्यात ग्रामसेवकानं एक टाईप केलेला कागद काढला. "पटापट अंगठे लावा. साहेबाले पुढच्या गावी जाचं हाये."

पहिली ताराबाई. माझ्या शेजारची, विधवा, पोटी कोणी नाही. तिची बोटं मिटत नव्हती. तिनं विचारलं, "कायचा कागद व्हय भाऊ?"

"घरकुलाचाच," असं म्हणून त्यानं तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. ताराबाई कळवळली. तो म्हणाला, "इंजेक्शन देऊन राह्यलो का तुले?"

पुन्हा हशा.

मग शाईचा डबा माझ्यापुढे आला. सही येते का, हे कोणी विचारलं नाही. मी सातवी शिकलेली. मी डबा बाजूला सारला, कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. "आम्ही खालील लाभार्थी स्वखुशीने लिहून देतो की आम्हास घरकुलाची गरज नाही."

हसणं बंद झालं.

"साहेब, खुशी कोणाची व्हय ही?"

साहेब म्हणाले, "पाया बांधत नाही, त्यात मासे पाळता. याचा अर्थ गरज नाही. सरपंचांच्या यादीत दुसरी माणसं थांबली आहेत."

"आमचे हात चालत नाई. गरज नाई असं कोणी म्हटलं? मी सही नाई करत."

माझ्या मागच्या पाचांनी हात पदराआड, पंच्याआड घेतले. एकही हात पुढे आला नाही. मी वही उघडली, मुदतवाढीचा अर्ज तिथंच लिहिला. सुजलेल्या बोटांत पेन धरवेना, अक्षर वेडंवाकडं आलं. सहा नावं लिहून अर्ज साहेबांच्या हातात दिला आणि पोच घेतली.

"आणि ताराबाई?" मी विचारलं.

"त्यांचा अंगठा झाला," साहेब म्हणाले. अंगठ्याचा तो कागद त्यांनी परत घेतला आणि घडी घालून बॅगेत ठेवला. जीप गेली.

ताराबाई अंगठ्याची शाई दगडावर घासत होती. मला म्हणाली, "तुले वाचता येते ना वं बाई? मंग काऊन नाई वाचलं आंधी?"

 

मुदतवाढ मिळाली. दीड वर्षात सहा घरं उभी राहिली. ताराबाईच्या जागेवर नुसते चर आहेत, तेही आता बुजत आले. ती माझ्या पडवीत राहते. तेव्हापासून एकही ग्रामसभा मी चुकवलेली नाही. प्रत्येक सभेत पहिला विषय माझाच असतो: ताराबाईचं घरकुल. सरपंच म्हणतात, "आली पुन्हा." मी म्हणते, लिहून घ्या. कोणताही कागद असो, आमच्या मोहल्ल्यात तो आधी मोठ्यानं वाचला जातो, मग सही. त्याला वेळ लागतो. लागू दे.

ताराबाईचं नाव अजून यादीत आलेलं नाही.