दादाची पिवळी रेघ

"आत्या, बाबा गेले," असं भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो "कुठं?" असा. लोक कसे गेले, केव्हा गेले असं विचारतात. मी विचारलं, कुठं. "घरीच, अकोल्याले. दुपारी जेवले, पडले, चहाले उठवाले गेलो तं..." बडनेऱ्याच्या माझ्या घरात भिंतीला टेकून मी आधी हुश्श केलं आणि मग रडले. शेजारच्या बाईंनी ते पाहिलं. त्यांना काय वाटायचं ते वाटो. माझा भाऊ पलंगावर गेला, पाण्यात नाही गेला, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं.

मी संशयी बाई आहे. मी शिकवायची त्या शाळेत पोरं मला टरकून असायची ती त्यामुळंच. पण दादापुढं मी काहीच नाही. अकोल्यात त्याचं डिझेल इंजिनांचं गॅरेज होतं, ट्रॅक्टर, शेतातले पंप, जनरेटर, जे येईल ते. स्पेअर पार्टच्या दुकानात हा गेला की दुकानदार कपाळाला हात लावत. खोक्याचा वास घ्यायचा, वरचं चकचकीत स्टिकर नखानं खरवडायचा आणि म्हणायचा, "हा ओरिजनल हाये हे तू म्हनतं. त्याले म्हनू दे ना." त्याची एक खास रीत होती. नट आवळून झाला की ब्रशनं त्याच्यावर पिवळ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढायची, अर्धी नटावर आणि अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. "हादऱ्यानं हलला का कोनं हलवला, ते मंग पाहू. पन हलला हे तं समजते." घरात तुपाच्या बरणीलासुद्धा ती रेघ असायची. वहिनी त्यावरून त्याला फार बोलायची.

माझे हे गेले आणि वर्ष व्हायच्या आत वहिनी गेली. भाचा तेव्हा नोकरीनिमित्त पुण्याला होता. दादा एकटा पडला, मी इकडे एकटी. आणि एक दिवस कळलं की त्यानं बोट घेतली. बार्शीटाकळीच्या पुढं धरणावर कोणीतरी जलपर्यटनाचा धंदा काढला होता, तो बसला. त्यांनी मुंबईकडून आणलेली एक फार जुनी मोटरयॉट काठावर ताडपत्रीखाली पडून होती. सागवानी अंग, पितळी कठडे, आत निजायला दोन फळ्या, आणि दोन डिझेल इंजिनं, दोन्ही जाम. वऱ्हाडात जन्म गेलेला माणूस, विहिरीत कधी उतरला नाही, पोहता येत नाही, आणि बायको गेल्यावर बोट घेतो? मला ते अजिबात पटलं नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "इंजिन चांगले हायेत." बस्. वहिनी गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी तो मला म्हणाला होता, "आता इथं काय ठेवलं हाये, शाले..." ते वाक्य माझ्या कानातून जात नव्हतं.

म्हणून मी दर रविवारी जायला लागले. बडनेऱ्याहून गाडीनं अकोला, तिथून त्याच्या जीपमधून धरण. बहाणा एकच, डबा. पहिल्याच रविवारी त्यानं विचारलं, "तू काहून येऊन राहिली एवढ्या उन्हाची?" म्हटलं, "घरी करमत नाई." तो बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिला. मला वाटलं, याला वाटतंय मी भाच्यासाठी पाळत ठेवतेय. वाटू दे. तिवईला चेनब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावून त्यानं इंजिनं उपसली, गॅरेजात नेली, लायनर, रिंगा, बेअरिंग सगळं नवं घातलं. लाकडाच्या फटी भरल्या, सडलेल्या फळ्या बदलल्या. मी टॉर्च धरून बसायची आणि इंजिनापेक्षा त्याच्या तोंडाकडं जास्त पाहायची. माणूस हसतो का, जेवतो का, उद्याचं काही बोलतो का. एकदा तो मासे धरणाऱ्या भोयाला विचारताना मी ऐकलं, "सगळ्यात खोल कुठी हाये?" माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

त्याचंही येणं सुरू होतंच. मधल्या वारी तो अचानक बडनेऱ्याला उगवायचा. "इकडं काम होतं." कसलं काम ते कधी सांगायचा नाही. चहा टाकायला मी वळले की हा घरभर फिरायचा. सिलिंडर हलवून पाहा, मोरीत डोकाव, माळ्याखाली स्टूल ओढून वर चढ. एकदा विचारलं, "काय पाहून राहिला?" तर म्हणे, "पाल होती." मला वाटलं, हा आमच्या बाबांच्या प्लॉटचे कागद शोधतोय. सख्खा भाऊ, पण मनात येतं ते येतं.

बोट पाण्यात उतरवायच्या दिवशी तो म्हणाला, "तू काठावर थांब, फोटो काढ. पयल्या खेपेले मी एकटाच जातो." मी साडी खोचली आणि चढून बसले. "उतर." "नाई उतरत." "शाले, आयक माह्यं." "तू चालू कर." त्यानं दोन्ही इंजिनं लावली. जाम झालेली ती लोखंडं काय गोड चालत होती हो... काठ लांब गेला, बघणारी माणसं बारीक झाली, आणि पार मधोमध आल्यावर दादानं आधी एक आणि मग दुसरं इंजिन बंद केलं. सगळीकडे नुसतं पाणी. तो उठून उभा राहिला, तशी मी त्याचा शर्ट मुठीत धरला.

"दादा, माह्यासमोर काही करू नको."

"काय करू नको?"

"तुले माहीत हाये."

त्यानं इंजिनावरची फळी उचलली. मग म्हणाला, "अवो बाई, इंजिन तापलं."

खरंच तापलं होतं. बोटीच्या इंजिनाला बाहेरचं पाणी फिरवून थंड करतात, सगळी दुनिया तसंच करते. पण दादाचा धरणाच्या पाण्यावर विश्वास नव्हता, गाळ जाईल म्हणून त्यानं आत ट्रॅक्टरचे रेडिएटर बसवले होते. बंद खोक्यात त्यांना वारा कुठून मिळणार? एवढ्या धरणाच्या मधोमध आमची बोट उकळत होती, आणि हा पठ्ठ्या घरून आणलेल्या कॅनमधलं पिण्याचं पाणी तिच्यात ओतत होता. खोल पाणी विचारलं होतं तेही बुडातले बाभळीचे खुंट बोटीच्या पंख्याला लागू नयेत म्हणून. ओतता ओतता म्हणाला, "म्हनून येत होती व्हय तू दर रविवारी?" म्हटलं, "मंग काय तुया होडीच्या हौसेनं?"

"तुले पोहनं येते?"

"नाई."

"मंग बसली काहून?"

"तू एकटा चालला होता म्हणून."

त्यानं कॅनचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. डोळे त्याचे भरले होते, पण तो बोलला एवढंच की, "दोघंबी येडेच हावो आपन." मला वाटलं, माझ्या वेडेपणाला सोबत म्हणून त्यानं स्वतःला जोडून घेतलं.

पुढं त्यानं धरणाचं पाणी इंजिनाला द्यायचं कबूल केलं, तेही दुहेरी गाळणी लावून. आम्ही कितीतरी रविवार पाण्यावर गेलो. तरी माझा संशय पार फिटला असं नव्हे, म्हणून तर फोनवर मी "कुठं?" असं विचारलं.

त्याच्या जलदानानंतर मी घरी परतले. स्वयंपाकघराच्या चौकटीला वाळवी लागलेली दिसली. माळ्यावर औषधाची बाटली होती, माझे हे असताना आणलेली, उग्र, विषारी. आमच्या वऱ्हाडात अशी बाटली घरात असली म्हणजे घरच्यांचं अर्धं लक्ष तिच्याकडं असतं, का ते सांगायला नको. स्टूल ओढून मी ती काढली. झाकणावरून बाटलीच्या गळ्यावर उतरलेली पिवळी रेघ होती. सरळ, कुठंही न तुटलेली. तिच्याशेजारी जुन्या, फिकट झालेल्या रेघेचा अर्धा तुकडा झाकणावर होता आणि दुसरा अर्धा गळ्यावर, भलतीकडेच सरकलेला.

म्हणजे झाकण मधे एकदा फिरलं होतं, आणि त्याला ते कळलं होतं. कळल्यावर त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही, नवी रेघ ओढली आणि पाल होती म्हणाला. त्याचा संशय अगदीच खोटा होता असं मला इथं लिहिता येत नाही. तो "दोघंबी" म्हणाला होता.

सुतार येऊन चौकट बघून गेला. म्हणाला, "मॅडम, औषध मारा, नाईतं चौकट जाते." म्हटलं, जाऊ दे. बाटली मी पुसून परत माळ्यावर ठेवली आहे. झाकण उघडलं तर रेघ तुटेल, आणि पुन्हा ओढायला आता कोणी येणार नाही.